आयक्यू ९८ आला, म्हणजे नेमकं काय आलं?

पत्र

मॅडम, आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो. मिस्टर एसटीत आहेत, मी घरी शिवणकाम करते. मुलगा साडेदहा वर्षांचा, इंग्लिश मीडियमला पाचवीत. जूनपासून सैनिक स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास लावलाय. ऑगस्टमध्ये शाळेतून सांगितलं की गणित बरं आहे, पण डिक्टेशनमध्ये फार चुका, मराठीतही आणि इंग्लिशमध्येही. एकदा आयक्यू काढून आणा. म्हणून एका समुपदेशकांकडे गेलो. रिपोर्टवर लिहिलंय: शाब्दिक ८४, कृती ११२, एकूण ९८.

सासूबाईंना वाटलं शंभरात अठ्ठ्याण्णव. त्यांनी लगेच कंदी पेढे आणून आळीत वाटले. माझे चुलत दीर शिक्षक आहेत. ते संध्याकाळी आले, रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, “काकू, हे मार्क नव्हेत. शंभर म्हणजे सरासरी. हा त्याच्याही खाली आहे.” तेव्हापासून घरात सुतक असल्यासारखं झालंय. त्यात जाऊबाईंच्या मुलाने मोबाईलवर टेस्ट दिली, त्याचा १२९ आला. पुढच्याच आठवड्यात शाळेत बोटांचे ठसे घेऊन बुद्धिमत्ता सांगणारे लोक आले. साडेचार हजार भरले. ३२ पानांचा रंगीत रिपोर्ट आला. त्यात ‘लॉजिकल’ सगळ्यांत कमी, ‘किनेस्थेटिक’, म्हणजे शरीराच्या हालचालींची बुद्धी, जास्त. गणितावर जोर देऊ नका, खेळ किंवा नृत्याकडे वळवा, असं आहे. दोन पानांचे फोटो पाठवलेत.

क्लासच्या फीचा दुसरा हप्ता भरायचाय. भरू की नको? यातला कोणता रिपोर्ट खरा धरायचा? मुलगा रोज विचारतो, “आई, माझा किती आला?” त्याला काय सांगू?

ता. क. टेस्टच्या दिवशी त्याचा कान दुखत होता. दर पावसाळ्यात एकदा तरी कान फुटतोच. मी तसं सांगितलं होतं, पण ते म्हणाले, चालेल.

एक आई, सातारा

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ तुम्ही ताजा कलमात टाकली आहे. तिच्याकडे येते. त्याआधी समोरचा पसारा आवरायला हवा, कारण घरात पडलेल्या या सगळ्या कागदांची लायकी सारखी नाही.

ठशांचा रिपोर्ट रद्दीत घाला. साडेचार हजार गेले, वाईट वाटतं. परत मागून बघायला हरकत नाही. पण पैसे भरलेत म्हणून त्यातलं एकही वाक्य मनात ठेवू नका. बोटांवरच्या रेषा बाळ पोटात असताना, साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात तयार होतात. त्याच काळात मेंदूही घडत असतो. एवढ्या एका धाग्यावर हा अख्खा धंदा लोंबकळतोय. डाउन सिंड्रोमसारख्या काही जन्मजात स्थितींत तळहाताच्या आणि बोटांच्या रेषा वेगळ्या दिसतात हे खरं आहे, डॉक्टरांना ते ठाऊक असतं. पण त्यावरून चारचौघांसारख्या मुलाचं गणित कच्चं की पक्कं हे ओळखता येत नाही. इंडियन सायकियाट्रिक सोसायटी ही मनोविकारतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना. ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या या ‘डीएमआयटी’ चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं तिने जाहीरपणे सांगितलेलं आहे.

यातली गंमत अशी की हा शोध कुणी घेतलाच नाही असंही नाही. फ्रान्सिस गाल्टन नावाचा इंग्रज विद्वान होऊन गेला. १८८४ साली लंडनच्या एका प्रदर्शनात त्याने दालन थाटलं. तीन पेन्स भरायचे आणि तो तुमची मापं घ्यायचा: हाताची पकड, नजर, किती बारीक आवाज ऐकू येतो, हात किती चपळ चालतो. नऊ हजारांवर लोकांनी पैसे देऊन मापं दिली. माणसाची मानसिक शक्ती आकड्यांत पकडायच्या उद्योगाची सुरुवात साधारण इथून धरतात. याच गाल्टनने १८९२ मध्ये बोटांच्या ठशांवर पुस्तक लिहिलं. पोलीस आज ज्या ठशांवर चोर पकडतात त्या शास्त्राच्या पायाभरणीत ते पुस्तक मोडतं. बुद्धी रक्तातूनच येते, यावर या गृहस्थाचा इतका विश्वास की माणसांची ‘पैदास सुधारण्या’ची कल्पना त्याच्याच डोक्यातून निघाली; पुढे तिने जगात काय हाहाकार केला तो वेगळा विषय. तर अशा माणसाने विज्ञानाचे विद्यार्थी, शेतमजूर आणि मतिमंदांच्या संस्थेतले लोक यांचे ठसे शेजारी शेजारी ठेवून बघितले. काही सापडलं नाही. ज्याला सापडायला हवंच होतं, त्यालाही सापडलं नाही. ते आता सव्वाशेहून जास्त वर्षांनी शाळेच्या हॉलमध्ये स्कॅनर घेऊन आलेल्या पोरांना सापडलंय, असं आपण समजायचं.

तुम्ही म्हणाल, पण मॅडम, बरंचसं जुळतंय हो. जुळणारच. तुम्ही पाठवलेल्या पानांवरची वाक्यं पुन्हा वाचा: ‘आपल्या पाल्यात भरपूर क्षमता आहे, मात्र ती अद्याप पूर्णपणे वापरली गेलेली नाही.’ ‘तो कधी मनमोकळा तर कधी अबोल असतो.’ ‘योग्य प्रोत्साहन मिळाल्यास तो चमकतो.’ पोवई नाक्यावर उभं राहून येईल त्या पोराला ही वाक्यं लावून बघा, सगळ्यांना चिकटतात. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे वर्गात करून दाखवलं आणि १९४९ साली छापलं. त्याने ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली, आठवडाभराने प्रत्येकाला ‘खास तुझं’ म्हणून वर्णन दिलं आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग सांगितलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता. त्यातली वाक्यं त्याने फुटपाथवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती.

आणि रिपोर्टात पानोपानी हॉवर्ड गार्डनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं नाव आहे, त्याने दबून जाऊ नका. बुद्धिमत्ता एक नसून अनेक आहेत, ही त्याची १९८३ ची मांडणी. ती बरोबर की चूक यावर मानसशास्त्रज्ञ आजही भांडतात. पण त्या मांडणीत बोटांच्या ठशांचा काही संबंध नाही. नाव त्याचं, स्कॅनर यांचा.

जाऊबाईंच्या मुलाचा १२९ एका वाक्यात संपतो: मोबाईलवरच्या फुकट टेस्टचा आकडा कशाशी तुलना करून काढलाय हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि आकडा मोठा आला की माणूस तो चारजणांना पाठवतो, एवढं बनवणाऱ्याला पुरतं. हे जाऊबाईंना सांगायला मात्र जाऊ नका.

आता खरा कागद. ८४, ११२, ९८.

तुमचे दीर बोलले ते शब्दाशब्दाने बरोबर आहे, फक्त त्याचा उपयोग शून्य. आयक्यूमध्ये १०० म्हणजे पैकीच्या पैकी नव्हे, तर त्या वयाच्या मुलांच्या मधोमध उभं असणं. साधारण दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ च्या मध्ये येतात. ९८ म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत खालून पंचेचाळिसावा. पण प्रत्येक मापात चुकीला जागा असते. चांगल्या चाचणीतही एका आकड्यामागे चार-पाच गुणांची मानक त्रुटी धरतात. खात्रीने बोलायचं तर तिच्या साधारण दुप्पट दोन्ही बाजूंना धरतात, म्हणजे ९८ ऐवजी ‘८९ ते १०७ च्या दरम्यान कुठेतरी’ असं म्हणावं लागतं. ९८ आणि १०० यांत फरक करायची ताकद त्या चाचणीतच नाही. तुमच्या घरात सुतक पाळलं जातंय ते दोन गुणांचं, आणि ते दोन गुण आहेत की नाहीत हेच माहीत नाही. चांगल्या रिपोर्टमध्ये आकड्याशेजारी हा पल्ला छापलेला असतो. तुमच्या रिपोर्टमध्ये तो आहे का बघा.

तुम्ही चाचणीचं नाव लिहिलेलं नाही. पण शाब्दिक आणि कृती अशा दोन बाजू आहेत आणि ८४ व ११२ यांची बरोबर निम्मी बेरीज ९८ होते, त्यावरून ती मालिन यांची चाचणी असावी असा माझा अंदाज. डॉ. ए. जे. मालिन यांनी नागपुरात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्सलर यांच्या मुलांच्या चाचणीवरून ती भारतीय मुलांसाठी बेतली, १९६९ साली. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. चाचणी काळजीपूर्वक केलेली आहे, पण तिची कोष्टकं त्या काळातली. म्हणजे तुमच्या मुलाची तुलना झाली ती सासूबाई शाळेत जात होत्या त्या पिढीच्या मुलांशी! यालाही लाजवेल अशी जुनी चाचणी वापरात आहे: डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडच्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची चाचणी बसवली ती १९३४ ची. आणि जुन्या कोष्टकांचा एक ठराविक परिणाम असतो. जेम्स फ्लिन या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवलं की अमेरिकेत दर दहा वर्षांनी लोकांचे गुण सरासरी तीनेकने वाढत गेलेत. शाळा, आहार, सराव, कारणं बरीच सांगतात. इतर अनेक देशांतही हेच दिसलं. त्यामुळे जुन्या कोष्टकावर आजचं मूल मोजलं की आकडा थोडा फुगून येतो. हे तुम्हाला आवडणार नाही, पण लपवण्यासारखं नाही. उलट बाजूने आकडा खाली खेचणाऱ्या गोष्टीही तुमच्याकडे आहेत, आणि त्या जास्त जोरदार दिसतात.

म्हणून एकूण आकडा विसरा. तुम्ही शिवणकाम करता, तुम्हाला हे लगेच कळेल: एखाद्या बाईची छाती ३८ आणि कंबर ३० आहे, तर दोन्हींची सरासरी ३४ धरून तुम्ही ब्लाऊज बेतता का? तो कुठेच बसणार नाही. ८४ म्हणजे शंभरात खालून चौदावा आणि ११२ म्हणजे एकोणऐंशीवा. एवढ्या लांबच्या दोन ठिकाणांची बेरीज करून निम्मी केली की जो ९८ येतो, त्या जागी तुमचा मुलगा प्रत्यक्षात उभाच नाही. दोन बाजूंत तेरा-चौदा गुणांपर्यंतचा फरक मापाच्या चुकीनेही पडू शकतो. अठ्ठावीसचा सहसा पडत नाही. अशा वेळी परीक्षकाने एकूण आकड्यावर बोट न ठेवता या दरीवर बोट ठेवायला हवं होतं.

दरी कशामुळे? इथे चाचणी कशी घेतात ते जवळून बघू. शाब्दिक बाजू सगळी तोंडी. परीक्षक विचारतो, मूल ऐकतं आणि बोलून सांगतं: माहितीचे प्रश्न, शब्दांचे अर्थ, दोन गोष्टींत सारखं काय, तोंडी गणितं. त्यात एक भाग आकडे लक्षात ठेवण्याचा असतो. परीक्षक सेकंदाला एक अशा संथ लयीत आकडे म्हणतो, चेहऱ्यावर काही न दाखवता, आणि मुलाने ते तसेच म्हणायचे. मग पुढच्या फेरीत उलटे. नियम असा की ओळ एकदाच म्हणायची, परत विचारलं तरी पुन्हा सांगायची नाही. आता इंग्लिशमध्ये म्हटलेला ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ दुखऱ्या कानाने ऐकून बघा. विमानाचे पायलट रेडिओवर नऊला ‘नायनर’ म्हणतात ते याच घोटाळ्यापायी. मराठीत म्हटले तर सात आणि आठ आहेतच. एक आकडा चुकला की अख्खी ओळ चूक धरतात, आणि सलग चुका झाल्या की तो भाग तिथेच थांबवतात.

कृतीची बाजू वेगळी. लाल-पांढरे ठोकळे जुळवून समोरच्या कार्डावरची नक्षी करायची, चित्रात काय राहिलंय ते दाखवायचं, कापलेले तुकडे जोडून आकृती पुरी करायची, पेन्सिलने चक्रव्यूहातून वाट काढायची. यात परीक्षक हाताने करून दाखवतो. कान फार लागत नाही. आणि नेमकं इथेच तुमच्या मुलाला ११२ मिळालेत.

आता तुमचा ताजा कलम. दर पावसाळ्यात कान फुटणाऱ्या मुलाच्या पडद्यामागे कधी पाणी साचलेलं असतं, कधी पडद्याला भोक राहतं. ऐकू येतं, पण कमी येतं. एका आठवड्यात बरं, दुसऱ्यात वाईट. मुलाला स्वतःला कळत नाही, कारण त्याच्या दृष्टीने जग तेवढ्याच आवाजाचं असतं. मोठ्यांना वाटतं लक्ष नसतं, ऐकून न ऐकल्यासारखं करतो. शब्दाचा शेवट, ‘स’, ‘फ’, ‘थ’ असे हलके आवाज आधी निसटतात. डिक्टेशनमध्ये दोन्ही भाषांत चुका आणि गणित मात्र बरं, हे शाळेने तुम्हाला सांगितलंच होतं. गणित फळ्यावर असतं, डिक्टेशन हवेत.

मी इथे बसून निदान करत नाही. कान निर्दोष निघू शकतो. पण कान दुखणाऱ्या मुलाची तोंडी चाचणी त्या दिवशी घ्यायला नको होती. ‘चालेल’ हे उत्तर बरोबर नव्हतं. पुढची तारीख द्यायला त्यांचं काहीच जात नव्हतं.

तेव्हा पहिलं काम: कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि कान कोरडा झाल्यावर ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी, करून घ्या. खासगीत जमत नसेल तर सिव्हिलला चौकशी करा. जाताना डोळेही तपासून घ्या, एका फेरीत होतं. आणि हे फक्त अभ्यासासाठी नाही. सैनिक स्कूलची लेखी परीक्षा पास झाली तरी पुढे वैद्यकीय तपासणी असते, त्यात कान बघतात. दोन वर्षं क्लास करून तिथे अडकलेली मुलं बघितली की वाईट वाटतं. आताच उपचार सुरू झाले तर तुमच्या हातात वेळ आहे.

दुसरं काम: त्याच समुपदेशकांकडे परत जा. भांडायला नको, विचारायला. चाचणीचं नाव आणि साल काय? शाब्दिक प्रश्न इंग्लिशमध्ये विचारले की मराठीत? तुमच्या घरात मराठी बोलतात. शाळा इंग्लिश मीडियमची असली तरी शब्दांचा अर्थ सांगताना हे मूल मराठीत विचार करणार. इंग्लिशमध्ये विचारलं असेल तर ८४ मध्ये त्याची बुद्धी किती आणि इंग्लिश किती, हे वेगळं काढता येत नाही. प्रत्येक उपचाचणीचे गुण वेगवेगळे लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे. आकडे लक्षात ठेवणं आणि तोंडी गणित यांतच गुण पडलेत की शब्दार्थातही, यावरून बराच उलगडा होतो. आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही विचारा. हल्ली आठवड्याभराचा कोर्स करूनही भिंतीवर ‘समुपदेशक’ अशी पाटी लागते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी या परिषदेकडे असते.

तीच चाचणी लगेच पुन्हा मात्र घेऊ नका. ठोकळे एकदा हाताळलेलं मूल दुसऱ्यांदा पटकन जुळवतं. गुण वाढतात आणि ती वाढ सरावाची असते. साधारण वर्षभर जाऊ देतात. कान बरा झाल्यावरही लिहिण्या-वाचण्यात अडचण राहिली, तर पुढची पायरी आयक्यूची नाही. तेव्हा अध्ययन अक्षमतेची तपासणी करायची. त्यात मुलाला प्रत्यक्ष वाचायला-लिहायला लावतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे आणि तिचं रीतसर प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. तेव्हा आजचा रिपोर्ट लागेल, म्हणून तो फाईलला नीट लावून ठेवा. फाडू नका.

क्लासचं. हप्ता भरायचा की नाही हे ९८ वर ठरवू नका. सैनिक स्कूलची सहावीची परीक्षा ३०० गुणांची असते. त्यात निम्मे, म्हणजे १५० गुण गणिताचे. भाषा, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्ता यांना प्रत्येकी ५०. पेपर मराठीतून देता येतो. त्यातल्या ‘बुद्धिमत्ते’बद्दल एक बोलते. अंकमालिका, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा हे सगळं तुमच्या क्लासमध्ये रोज घोटून घेतात, आणि सरावाने गुण वाढतात म्हणूनच तर क्लास चालतात. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीचंही तेच. दीर शिक्षक आहेत, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. मानसशास्त्रज्ञ आपल्या चाचणीतले प्रश्न कुलपात ठेवतात ते नेमके या कारणाने. त्या ५० गुणांना बुद्धीचं माप समजू नका. तो अभ्यासाचा एक विषय आहे, बाकीच्यांसारखा.

गणित बरं आहे. ठोकळे आणि चक्रव्यूह त्याने चांगले सोडवलेत. मग प्रश्न एवढाच उरतो की त्याला स्वतःला जायचंय का. पहाटे पीटी, घरापासून दूर हॉस्टेल, शिस्त. शाळा साताऱ्यातच असली तरी राहायचं तिथेच. १९६१ मध्ये निघालेली देशातली ही पहिली सैनिक शाळा, म्हणून आपल्या गावाला तिचा अभिमान आहे आणि गल्लीगल्लीत तिचे क्लास आहेत. अभिमान गावाचा असतो, राहायला मात्र पोराला लागतं. त्याला आत नेऊन ग्राउंड दाखवा, तिथली मुलं दाखवा, मग विचारा. हो म्हणाला तर हप्ता भरा.

इतकं वाचून तुमचा असा समज होईल की बुद्धिमापन म्हणजे सगळा बनाव. तसं मला म्हणायचं नाही. नीट घेतलेल्या चाचणीचे गुण आणि शाळेतले मार्क यांचं नातं बऱ्यापैकी आहे, सहसंबंध ०.५ च्या आसपास येतो (शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे पुरतं). मानसशास्त्राच्या हिशेबाने हे फार चांगलं, आणि तरी मार्कांतल्या फरकाचा पाऊण हिस्सा त्याने उलगडत नाही. या चाचण्या सुरू झाल्या त्याही भल्या कामासाठी. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉं यांनी तीस कामांची पहिली मालिका बसवली. सरकारला हवं होतं ते एवढंच: कोणत्या मुलांना शाळेत जास्तीची मदत लागेल? बिनेचं स्वतःचं ठाम म्हणणं होतं की बुद्धी अशी एकदा मोजून कायमची लिहून ठेवण्याची वस्तू नाही, तिला व्यायाम देता येतो. त्याच्या माघारी लोकांनी त्या मदतीच्या यादीचं उतरंडीत रूपांतर केलं.

तुमच्या बाबतीतही हेच झालं. शाळेला प्रश्न पडला होता: ‘डिक्टेशन का चुकतं?’ आणि उत्तर आलं ‘९८’. प्रश्न एक, उत्तर भलत्याचंच. शाळेला हे शांतपणे सांगा. वर्गशिक्षिकांना म्हणावं, कानाची तपासणी होईपर्यंत याला पुढच्या बाकावर बसवा, डिक्टेशन देताना तोंड त्याच्याकडे ठेवा आणि शब्द दोनदा म्हणा. एवढ्याने चुका कमी झाल्या, तर तोही एक रिपोर्टच. फुकटचा.

आणि अभ्यास बंद करण्याचा विचार तर अगदी उलटा आहे. सहा लाखांवर लोकांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसलं की शाळेचं एकेक वर्ष जास्त मिळालं की आयक्यू एक ते पाच गुणांनी वाढतो. आकडा कमी म्हणून शिकवणं कमी करायचं, तर पुढचा आकडा आणखी कमी येईल आणि मग दीर म्हणतील, बघा.

दिरांशी वाद घालू नका. पुढच्या वेळी आले की रिपोर्ट समोर ठेवून फक्त विचारा, “भाऊजी, दोन बाजूंत अठ्ठावीसचा फरक का पडला असेल?” शिक्षक आहेत, डोकं लावतील आणि कदाचित तुमच्या बाजूचे होतील. सासूबाईंना काही समजावू नका. नातवाच्या नावाने गोड वाटलं, त्यात कुणाचं काय बिघडलं?

राहिला मुलगा. तो रोज विचारतोय म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय हे त्याने ओळखलंय, आणि ते आपल्यामुळे आहे असं तो धरून बसला असणार. त्याला आकडा सांगू नका. दहा वर्षांच्या मुलाला पल्ला आणि सरासरी कळत नाही, आकडा तेवढा जन्मभर लक्षात राहतो. पण खोटंही बोलू नका. १२५ आला म्हणाल, आणि उद्या चुलत भाऊ दुसरंच सांगेल. खरं आहे तेच त्याच्या भाषेत सांगा: “ठोकळ्यांचं आणि चक्रव्यूहाचं काम तू झकास केलंस. ऐकून उत्तर द्यायचं होतं ते जड गेलं. त्या दिवशी कान दुखत होता ना तुझा? तो आधी डॉक्टरांना दाखवू.” मग त्यालाच विचारा, त्या काकांचे आकडे तुला नीट ऐकू येत होते का? हे त्याला अजून कुणी विचारलेलं दिसत नाही. तो काय म्हणाला ते त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत कागदावर लिहून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. ऑडिओमेट्रीचा आलेख हातात आला की मला फोटो पाठवा, त्यावर पुढचं बोलू.